चार टोकनांची द्वारपालीण

“मॅडम, ये औरत तो मरी हुई लग रही है,” रितेश म्हणाला.

बाई मेलेली नव्हती. मी लिहिल्याप्रमाणे ती चांगली धडधाकट होती, आरोग्यमंदिराच्या दाराशी उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपली कर्मकहाणी ऐकवत होती. गाव जळालं, भाऊ हरवला, गालावर तलवारीचा व्रण. तिसऱ्यांदा लिहून दिली होती, तिसऱ्यांदा परत आली होती.

रितेश माझा बॉस. वय एकतीस. घरचा मराठी, पण मी मराठीत बोलले की उत्तर हिंदीतच देतो. आमचं शहर हिंदी मुलखातलं. तिथल्या समता कॉलोनीत पहिल्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. नऊ माणसं, सात पंखे. खाली एका डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि इमारतही त्यांचीच. मी तिथे ‘नॅरेटिव्ह डिझायनर’ आहे. माझं वय चौपन्न. त्याआधी बावीस वर्षं एका हिंदी दैनिकाच्या रविवार पुरवणीत होते. एके दिवशी पुरवणी बंद झाली आणि तिच्याबरोबर मीही. नातेवाइकांनी विचारलं तर मी कॉम्प्युटरचं काम करते एवढंच सांगते. त्यापुढचं समजावायचा आताशा कंटाळा येतो.

इथे मात्र थोडं समजावावं लागेल. आम्ही करत होतो तो रोल-प्लेइंग गेम होता. खेळणारा एक वीर निवडतो आणि आम्ही रचलेल्या राज्यात फिरतो. वाटेत त्याला माणसं भेटतात: नावाडी, लोहार, शिपाई. ही माणसं खेळणाऱ्याच्या हातात नसतात, कॉम्प्युटर चालवतो. त्यांना एनपीसी म्हणतात. खेळणाऱ्याने काय विचारलं तर एनपीसी काय बोलेल, याच्या फांद्या लिहाव्या लागतात. ते माझं काम. त्या एनपीसीचा जन्मापासूनचा इतिहास लिहायचा, त्याला बॅकस्टोरी म्हणतात. द्वारपालिणीची बॅकस्टोरी मी सहा पानं लिहिली होती. मला ती आवडलीही होती.

क्लायंट कंपनी हैदराबादची. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “ये तो प्लेयर का इंतज़ार ही कर रही थी. खुद का कोई काम नहीं है क्या इसको?”

मी वहीत लिहून घेतलं. मनातल्या मनात चार शब्द हासडले, पण बाई बरोबर बोलत होत्या. खरी माणसं आपली वाट बघत बसलेली नसतात. आपण जातो तेव्हा ती कशात तरी गुंतलेली असतात आणि आपण मध्येच कडमडतो.

कॉल संपल्यावर रितेशने दार लावून घेतलं. “मॅडम, चौथी बार में नहीं हुआ तो राइटिंग वो लोग अपने पास ले लेंगे.”

मग माझं काय, असं मी विचारलं नाही. तो पोरगा वाईट नाही. त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

दुपारी डबा घेऊन मी खाली गेले. दवाखान्याच्या काउंटरवर शोभाताई बसतात. रुग्णांना टोकन देणं, नाव पुकारणं, फाइल काढणं हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. माहेर गोंदियाचं, नवरा रेल्वेत होता, आता नाही. आम्ही दोघी रोज एकत्र जेवायचो. त्यांच्याकडची मिरचीची भाजी खाऊन माझा घसा बसायचा, तरी मी खायचे.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. समोरच्या बाकावर बसून नुसतं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन बसले, तिसऱ्या दिवशीही. रितेशला ‘रिसर्च’ असं सांगितलं. पगार घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायला मिळालेली मी पहिलीच असेन.

शोभाताई कोणाशी गोड बोलत नाहीत. वर न बघता बोलतात. “नाव. वय. बसा.” कोणी आजाराचा पाढा वाचायला लागलं की म्हणतात, “मले सांगून काय होते? आत सांगा.” आणि तरी लोक त्यांच्याकडे बघून जरा सैलावतात. हे कशाने होतं ते मी शोधत होते.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी टोकन वाटताना पाच झाल्यावर त्यांनी सातवं दिलं. आठनंतर दहावं. सहा, नऊ, बारा आणि पंधरा ही चार टोकनं कोणालाच मिळाली नाहीत. दुपारी बाराच्या सुमारास एक म्हातारी सुनेला घेऊन आली. पाय धुळीने भरलेले, पिशवीत घडी घातलेली चादर. बाक रिकामा असूनही दोघी भिंतीशी उभ्या राहिल्या. शोभाताईंनी तिच्याच बोलीत कुठून आलात ते विचारलं, “कहाँ ले आए हव?” म्हातारीने गावाचं नाव सांगितलं. शोभाताईंनी चष्म्याची केस उघडली, तिच्यातून नऊ नंबरचं टोकन काढलं आणि पुढे सरकवलं. आत आठवा रुग्ण होता.

जेवताना मी विषय काढला.

“शोभाताई, ती चार टोकनं केसमध्ये काहून ठेवता?”

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्या हळूच बोलल्या, “भनपुरीच्या पलीकडून, लई दुरून येतेत हे लोकं. पहाटे निघतेत, दोन गाड्या बदलतेत. परतीची शेवटची बस साडेतीनची. तीसवा नंबर भेटला तर बस गेली म्हणजे गेली. कॉलोनीवाल्याचं काय? त्याचं घर याच गल्लीत. तो चारले बी येऊ शकते.”

“डॉक्टरांना ठाऊक आहे?”

“नाही. कॉलोनीवाले त्यायच्याजवळ तक्रार करून राहिले, का शोभा आपल्या ओळखीच्यांले घुसवते म्हणून. तू कोणाले सांगू नको बरं.”

“मी काहून सांगू?” मी म्हणाले. खरंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी द्वारपालीण नव्याने लिहिली. जळालेलं गाव काढलं, भाऊ काढला, व्रण काढला. सहा पानांचा अर्धा कागद झाला. आता ती वर न बघता बोलते. रोग्यांना तांब्याची टोकनं देते. चार टोकनं कमरेच्या बटव्यात राखून ठेवते, नदीपलीकडून येणाऱ्यांसाठी, कारण पलीकडे जाणारी शेवटची नाव दुपारी सुटते. खेळणारा भांडला की ती सांगते, “तुझं घर घाटाच्या अलीकडे आहे. बस.” तिच्या भूतकाळाविषयी विचारलं तर म्हणते, “काम सांग.”

बावीस वर्षं पुरवणीत काढली होती, काय खरं उतरलंय ते मला कळतं. हे उतरलं होतं. कोणाला सांगू नको म्हणालेल्या बाईचं गुपित मी गेममध्ये घातलं, हेही मला तेव्हा कळत होतं. हा गेम परदेशात खेळला जाणार, समता कॉलोनीत त्याचं कोणाला काय पडलंय, असं मी स्वतःला समजावलं. नोकरी जायची भीती असली की माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

क्लायंटने एका दिवसात मान्यता दिली. त्यांच्या मॅडमनी लिहिलं, ‘या बाईला मी कुठेतरी भेटलेय असं वाटलं.’ रितेश खूश. त्याने पेढे आणले आणि घरमालक म्हणून खालच्या डॉक्टरांना डेमो बघायला बोलावलं. डेमो म्हणजे खेळाचा नमुना. मला हे कळलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि त्यांचा वीर आरोग्यमंदिराच्या रांगेत उभा होता.

त्यांचा नंबर सातवा आला. त्यांच्यापुढे दोनच माणसं होती. मग द्वारपालिणीने बटव्यातून टोकन काढून एका धुळीने माखलेल्या म्हातारीला दिलं आणि तिला आत सोडलं. डॉक्टरांनी भांडायचं बटण दाबलं. “तुझं घर घाटाच्या अलीकडे आहे. बस,” ती म्हणाली, वर न बघता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेढा तसाच ठेवला. “सुलभाताई, जरा खाली या,” असं म्हणून उठून गेले.

मी जिना उतरले. दवाखाना दुपारच्या सुट्टीत रिकामा होता. शोभाताई फाइली लावत होत्या.

“ही बाई कुठून आणली?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल्पनिक आहे, डॉक्टरसाहेब.”

“ती चार टोकनं?”

“सुचली.”

“ताई, तुमचं आधीचं रितेशने मला दाखवलं होतं. गाव जळालं, भाऊ हरवला. ते तुम्हाला सुचलेलं होतं. हे सुचलेलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या पात्राला इतकं खरं मानत होतं, आणि मी ते खोटं असल्याच्या शपथा घेत होते. आणखीही काही तरी बोलले असते, पण शोभाताईंनी फाइली खाली ठेवल्या. माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

“हव,” त्या म्हणाल्या. “मीच करते. सहा, नऊ, बारा, पंधरा.”

“कधीपासून?”

“लई वर्षं झाली.”

“मला सांगायचं होतं शोभा. लोक माझ्याकडे येऊन काय काय बोलतात. मी ऐकून घेतो, मला काही माहीत नसतं.”

“सांगितलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं. मंग मले तुमचं ऐका लागलं असतं.”

डॉक्टर आपल्या खोलीत निघून गेले. ते दुष्ट नाहीत. शोभाताईंना काढलंही नाही. पण दवाखाना त्यांच्या मागे दुसऱ्याच नियमाने चालत होता, हे त्यांना लागलं होतं. पंधरवड्यात काउंटरवर एक यंत्र आलं. बटण दाबलं की कागदाची चिठ्ठी निघते आणि भिंतीवर लाल अक्षरांत नंबर दिसतो. पाचनंतर सहा. आठनंतर नऊ. शोभाताईंना आतल्या खोलीत फाइलींच्या कामावर बसवलं. पगार तोच.

डॉक्टरांनी एक पाटीही लावली, ‘बाहेरगावच्या रुग्णांनी कृपया आधी सांगावे’. पाटी हिंदीत आहे, अक्षरं मोठी आहेत. मी जाता-येता बघते. ती माणसं काही सांगत नाहीत. सांगायची सवय असती तर बाक सोडून भिंतीशी उभी राहिली नसती. चिठ्ठी हातात धरून ती लाल अक्षरांकडे बघतात आणि मध्येच घड्याळाकडे.

महिनाभर मी खाली जेवायला गेले नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी शोभाताईच वर आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच जिना चढल्या असाव्यात. म्हणाल्या, “दाखव मले, काय केलं तू ते.”

मी खुर्ची दिली आणि गेम लावला. माऊस मीच चालवला. द्वारपालीण टोकनं देत होती, बटवा उघडत होती, भांडणाऱ्याला बसवत होती. शोभाताई चष्मा पुसून बघत होत्या. तीन म्हाताऱ्या नदीपलीकडे वेळेत पोहोचल्या.

“शोभाताई, माझं चुकलं,” मी म्हणाले. “मी क्लायंटशी बोलते. ते टोकनाचं काढून टाकते.”

“काहून काढून राहिली?”

“तुमचं आहे ते.”

“माझं आता कुठं हाय?” त्या पडद्याकडेच बघत होत्या. “हिच्या डॉक्टरनं मशीन लावली का?”

“नाही.”

“मंग करू दे तिले.”

त्या उठल्या आणि पुन्हा फाइलींकडे गेल्या. आता आम्ही एकत्र जेवतो, पण आतल्या खोलीत, आणि दवाखान्याचा विषय त्या काढत नाहीत.

गेम बाजारात आला. द्वारपालीण लोकांना आवडली म्हणतात. रितेशने माझ्या हाताखाली लिहिणारे दोन नवीन लोक दिले. त्यांना मी एकच नियम सांगते. माणसाची सवय एकाकडून घ्या आणि त्या सवयीमागचं कारण दुसऱ्याकडून. दोन्ही एकाच माणसाचं घेतलं तर पात्र उभं राहतं, पण तो खरा माणूस आपल्या खुर्चीवरून उठवला जातो.