इल्मोरचा खानावळवाला

लीथ पॅस्को आठवडाभर बॅलरॅटमध्ये लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करतो. ईस्टरच्या सुट्टीत मात्र तो गावाबाहेरच्या स्काउट कॅम्पवर खानावळ चालवतो. तिथे दीडशे माणसं खेळ म्हणून चार दिवस एका शापित शहरात राहतात. रबरी तलवारी, घरी शिवलेले झगे, पिशाच्चं, कटकारस्थानं, सगळं असतं. जो तो आपलं पात्र वर्षानुवर्षं जगतो. ते मेलं की संपलं. मग नवं पात्र, आणि जुनं काम पुन्हा मिळत नाही.

लीथच्या मटणाच्या सुपाला नऊ वर्षांत कोणी नाव ठेवलं नव्हतं. शहरात इल्मोर नावाच्या कारस्थानी देवाचा छुपा पंथ आहे आणि त्याचा महंत लीथ आहे, हे फक्त खेळाची संयोजक डेसी व्लाहोस जाणून होती. ती बळीच्या नावाची चिठ्ठी पाठवायची. लीथ त्या माणसाच्या वाडग्याखाली विषाचं कार्ड सरकवायचा आणि वर पाव वाढायचा. महंतगिरी एवढीच. जीव होता तो खानावळीवर.

यंदा शनिवारी दुपारी हेमिश ऑरला खानावळीमागे एक कागद सापडला. हेमिश एरवी गणित शिकवतो, इथे तो नगराचा न्यायाधीश. कागदावर दिवसातून दोनदा लिहिलेले आकडे होते: तीन पूर्णांक दोन, चार, तीन पूर्णांक आठ. तो फ्रिजच्या तापमानाचा तक्ता होता, नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे ठेवलेला. पण शापित शहरात फ्रिज कुठला? हेमिशला ती पंथाची सांकेतिक लिपी वाटली. तासाभरात त्याने ती उलगडलीसुद्धा, आणि त्यातून नाव निघालं वैद्यीणबाईंचं.

ही वैद्यीण म्हणजे पोस्टात काम करणारी ब्रॉन्विन टडनम. तिचं पात्र बारा वर्षांचं. चौकात तिच्यासाठी फास टांगला गेला.

लीथ गप्प बसला असता तर पंथ जिंकला असता, खानावळही राहिली असती. डोक्यावर हात ठेवला की माणूस खेळाबाहेर बोलतो; तसा हात ठेवून फ्रिजचं सांगितलं, तर दीडशे जणांच्या खेळावर पाणी पडणार. तिसरी वाट त्याला मुळीच आवडत नव्हती.

"न्यायाधीशमहाराज," ब्रॉन्विन म्हणाली, "तुमचं गळू मी कापलं. तसंच ठेवायला हवं होतं." लोक हसले. ती मात्र हसली नाही.

लीथ हात पुसत पुढे आला.

"कागद माझा आहे. इल्मोरचं काळीज किती गार आहे, ते मी सकाळ-संध्याकाळ लिहितो. पाचाच्या वर गेलं की सगळं नासतं."

डेसीने वहीत तोंड खुपसलं. हेमिशने कागद पुन्हा पाहिला, आणि या वेळी त्याला बहुधा फ्रिज दिसला. पण न्यायाधीश तो न्यायाधीश.

"आकडे जुळतात," तो गंभीरपणे म्हणाला.

फाशीनंतर लीथ दंडाला पांढरी फीत बांधून गाड्यांपाशी बसला. मेलेल्यांनी सकाळपर्यंत बोलायचं नसतं. थोड्या वेळाने ब्रॉन्विन डोक्यावर हात ठेवून आली.

"माझे तीन रोगी तुझ्या सुपाने गेले?"

त्याने मान डोलावली.

"आणि मी मूर्खासारखी तुला कृती विचारत होते." ती खरोखरच रागावली होती. पाय आपटत गेली.

दहा मिनिटांत परत आली, एक हात डोक्यावर, दुसऱ्यात पळी. खानावळ तिच्या गळ्यात पडली होती.

"गॅसचा नळ कुठे आहे रे?"

लीथने बोटाने दाखवलं.