बांधाकडे पाठ करून

धरण तपासायला गेले, की काका आधी धरणाकडे पाठ करून उभे राहायचे. चष्मा कपाळावर चढवून खालचा उतार न्याहाळायचे आणि उतरू लागायचे. मालक बिचारा वर बांधावर शहाळी घेऊन ताटकळायचा. म्हणून आम्ही त्यांना पाठमोरे काका म्हणायचो.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते विश्रांतवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले होते. शहर पसरत होतं, आजूबाजूच्या जमिनींना गिऱ्हाईक येत होतं, आणि आपला खासगी मातीचा बांध चांगला असल्याचा कागद मालकांना हवा असायचा. माझ्याकडे नवाकोरा कॉम्प्युटर होता, त्यामुळे अहवाल टाइप करायला मी. त्यात दोन रकाने असत, बांधाची प्रकृती आणि धोका. मी एकदा गल्लत केली. "प्रकृती बांधाची, धोका खालच्या माणसांना. एवढं लक्षात राहत नसेल तर कॉम्प्युटर झाकून ठेव, धूळ तरी बसणार नाही," काका म्हणाले.

एकदा एका बागाईतदारांकडे मीही काकांबरोबर गेले. बांध खरोखर देखणा होता. पण जादा पाणी निघून जायच्या सांडव्यावर मालकांनी बारीक जाळी ठोकली होती, तळ्यातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. पालापाचोळा अडकून ती वाट बुजत आली होती. पाणी तुंबून बांधावरून गेलं असतं, तर मातीचा बांध टिकला नसता. खाली विदर्भातून कामाला आलेल्यांची सात घरं होती. काकांनी लिहिलं, धोका मोठा.

मालक उखडले. "आवो सायेब, वडलांच्या टायमाला कुणी काय बोललं न्हाई!"

"तेव्हा खाली बाभळी होत्या. आता माणसं झोपतात. चला, चहा घेऊ."

चहा बंगल्यावर नव्हता. काकांनी त्यांना खालच्या पहिल्या घरात नेलं आणि उंबऱ्यावर बांधाकडे तोंड करून बसवलं. तिथल्या वऱ्हाडी बाईंनी कप पुढे केला. "पाऊस लागला की तुमचा बांध पाह्यतो अन् बिनघोर झोपतो, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः जाळी उचकटली. त्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं, सांडवा धो धो वाहिला, पाणी बाजूच्या नाल्यानं निघून गेलं. सात घरांत थेंबही शिरला नाही. मालक ऐटीत म्हणाले, "आता तरी धोका कमी लिवा."

"प्रकृती उत्तम लिहितो. धोका मोठाच. ती घरं उठून गेली का?"

काका गेले, त्याला बरीच वर्षं झाली. मी खराडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं, की आधी विचारते, याच्या खाली कोण आहे? टीममधली मुलं हसतात. हसू देत.

मध्यंतरी मैत्रिणीला त्याच मालकांची बागेजवळची जागा विकत घ्यायची होती, ती पाहायला आम्ही गेलो. मालक आता म्हातारे झालेत. त्यांनी मला ओळखलं नाही. आम्हाला घेऊन ते तडक खाली निघाले, त्याच घरी. आता ते पक्कं झालंय, चहा मात्र त्याच बाईंनी आणला.

"अहो, पण जागा वर आहे ना?" मैत्रीण म्हणाली.

"जागा मागनं बघू," मालक म्हणाले. "आधी हितं बसा, आन् बांधाकडं बघा."

मी बसले. काकांची फार आठवण आली.