बैलजोडीचे ज्यूल

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट ज्या मापात समोर आली त्या मापात मुकाट्यानं घेतली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. देवळाली प्रवराच्या बाजूला एका साखर कारखान्यात ते बॉयलरवर इंजिनिअर होते आणि या बॉयलरनंच आपल्याला बिघडवलं असं त्यांचं म्हणणं होतं. बॉयलर जुना विलायती, त्याच्या अंगावरची पितळी पाटी उष्णता बीटीयूत सांगायची. दाजी कॉलेजात शिकले ते कॅलरीत. नव्या पुस्तकांत ज्यूल येऊन बसले होते. विजेचं बिल युनिटांत यायचं आणि ऊस घेऊन येणारे शेतकरी हॉर्सपॉवरशिवाय बोलायचे नाहीत. दाजी कळवळून म्हणायचे, "अरे, ऊर्जा एकच आहे. बाईला माहेरी एका नावानं हाक मारतात, सासरी दुसऱ्या, म्हणून एका बाईच्या दोन बाया होतात का?" अक्काचं नाव लग्नात बदललं होतं. ती स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायची, "होतात."

लग्नानंतरच्या पहिल्या होळीला दाजी आमच्या गावी, शेवगावकडे आले. आई तिसरी पुरणपोळी वाढायला आली तेव्हा इतर जावयांसारखा त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही. पोळीवर तूप नीट पसरू दिलं आणि कौतुकानं सांगितलं की, एवढ्या एका पोळीवर तुमच्या माजघरातला चाळीसचा दिवा रात्रभर जळेल. आईला वाटलं, जावई उजेड कमी पडतो म्हणताहेत. ती शरमली आणि शेजारून साठचा बल्ब आणवून लावला. दाजींनी वर पाहिलं, मनाशी काही आकडे पुटपुटले आणि साठच्या हिशेबानं आणखी अर्धी पोळी मागून घेतली. बीटीयू समजावून सांगायची त्यांची रीत याहून धोक्याची होती. एक काडी टोकापर्यंत जळली की साधारण एक बीटीयू उष्णता निघते, हे ते आल्यागेल्याला करून दाखवायचे. काडी टोकापर्यंत जळायची तर ती बोटापर्यंत जळायची. पाहुणे चहाची वाट बघत बसलेले आणि दाजी बोटं फुंकत पुढची काडी ओढताहेत, असं फार झाल्यावर अक्का काडीपेटी कमरेला खोचून हिंडायला लागली.

पण दाजींच्या या वेडाची खरी कसोटी लागली ती बहात्तरच्या दुष्काळात. माझ्या दोन चुलत्यांची, तात्यांची आणि आबांची, विहीर सामाईक होती. एक दिवस पाणी तात्यांचं, एक दिवस आबांचं, अशी पाळी आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली. थोरले तात्या मोट हाकायचे. हरण्या आणि पाखऱ्या ही त्यांची बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली जाऊन मोट वर ओढायची आणि उलट्या पावलांनी पुन्हा वर यायची. धाकट्या आबांनी मात्र पाच हॉर्सपॉवरची विजेची मोटार बसवली होती. विहीर भरलेली होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. झरे आटले तसं आबांच्या दिवशी मोटार विहिरीचा तळ दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी तात्यांची मोट चिखल घेऊन वर यायची. तात्यांची लिंबाची झाडं वाळायला लागली. आधी चुलत्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, मग भाऊ. एकाच बांधावरून तोंड फिरवून जायचे. आईनं मध्ये पडून पाहिलं, गावातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं, कुणाला यश आलं नाही.

हे कानावर पडताच दाजी रविवार गाठून आले. येताना कारखान्यातला, ओढ मोजायचा भलामोठा ताणकाटा घेऊन आले. भांडण पाण्याचं नाहीच, मापाचं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. एकजण दिवस मोजतो, दुसराही दिवस मोजतो, पण एकाचा दिवस बैलाचा आणि दुसऱ्याचा विजेचा. दोन्ही ज्यूलमध्ये आणले की वाद मिटला. मोटारीवर हॉर्सपॉवर लिहिलेलीच होती. त्यावर आबांनी शंका काढली की गावात घोडा एकच, टांगेवाल्याचा, आणि तो तर टांगा सोडल्यावर भिंतीला टेकून उभा राहतो. त्या हिशेबानं आपली मोटार फारच कमी भरेल. दाजींनी विलायती घोडा वेगळा असतो एवढंच सांगितलं आणि धावेवर उतरले. जू आणि मोटेचा नाडा यांच्यामध्ये ताणकाटा बांधला आणि बैल चालू लागताच काटा वाचत त्यांच्या बाजूनं पळू लागले. खाली जाताना सगळं नीट झालं. पण बैल परत येताना मागं चालतात हे दाजी विसरले. हरण्याच्या पुठ्ठ्याचा धक्का लागला आणि इंजिनिअरसाहेब चष्म्यासकट पाटात बसले. बघायला जमलेलं गाव हसलं नाही, कारण जावई होते. पण बऱ्याच जणांना एकदम खोकला आला.

ओल्या धोतरानिशी दाजींनी विहिरीच्या दगडावर कोळशानं गणित मांडलं आणि निकाल दिला. मोटारीच्या एका दिवसाचे ज्यूल म्हणजे या बैलजोडीचे सहा दिवस. तेव्हा न्यायानं आबांनी एक दिवस मोटार चालवावी आणि तात्यांनी सहा दिवस मोट हाकावी.

आबा दगडाकडे बघत राहिले. "म्हंजी सा दिस रानातला माझा हिरवा घास वाळू द्यायचा?"

खरं तर तात्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. ते पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, पोटच्या पोरावानी वाढावलेली जनावरं हायती. त्या लोखंडाच्या गोळ्याचा सावा हिस्सा म्हनता त्यांना?"

"आन विहिरीतच पानी न्हाई, तर तुमचं ज्यूल उपसायचं कुठून?" आबा म्हणाले. हे बोलताना त्यांनी नकळत तात्यांकडे पाहिलं, आणि तात्यांनी मान डोलावली. मग तात्या म्हणाले, "आबा, ह्यांना आधी घरी ने. धोतर दे, पिठलं-भाकरी खाऊ घाल."

कित्येक महिन्यांनी भाऊ भावाशी बोलला तो असा. दाजींना जेवू घालायचं म्हणून दोन्ही चुलत्या एका चुलीशी बसल्या. जेवता जेवता दोघा भावांचं ठरलं की, जे काय पाणी असेल ते मोटारीनंच काढायचं, दोघांच्या पाटात निम्मं निम्मं सोडायचं, आणि त्या बदल्यात आबांची नांगरट तात्यांच्या बैलांनी करून द्यायची. दाजींनी भाकरीचा घास हातातच धरून सांगितलं की आपण सकाळपासून दुसरं काही म्हणतच नव्हतो. हे म्हणजे विजेचं बैलात रूपांतर झालं, असंही ते म्हणाले. यावर तात्यांनी त्यांना आणखी पिठलं वाढलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर दाजी आले तेव्हा विहीर चांगली भरलेली होती. ते हौसेनं गोठ्याकडे गेले. गोठा रिकामा होता. मोट बंद झाल्यामुळे बैलांना नांगरट येईपर्यंत काम उरलं नव्हतं, कडबा तर कुठंच मिळत नव्हता, आणि उन्हाळ्यात तात्यांनी जड मनानं जोडी बाजारात नेली होती. दाजी दावणीपाशी उभे राहिले. संध्याकाळी मी त्यांना एसटीवर सोडायला निघालो तेव्हा वाटेत म्हणाले, "मी ते किती ओढतात तेवढंच मोजलं होतं रे. विका असं मी म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, दाजी, तुमच्यामुळे कुणी विकले नाहीत, चारा नव्हता म्हणून गेले. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

त्यानंतरही ते दर सुट्टीला येत राहिले, पोळ्यांचे दिवे आणि दिव्यांच्या पोळ्या करत राहिले. आबा मोटार चालू करायला निघाले की तेही बरोबर जायचे. पाणी पाटाला लागलं, आबा बांधाकडे वळले, की दाजी एकटेच गवत उगवलेल्या धावेवरून सावकाश खाली जायचे, टोकाशी थांबायचे, आणि तसेच उलट्या पावलांनी, मागं न बघता, वर यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करतोय.