डब्याला टक्कर देणारा कॉम्प्युटर

माणूस तसा भला, पण हट्टी. हट्टी म्हणजे किती? चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाने काचा घासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि मालकाने तेच काम आपोआप करणारं मशीन आणलं, तेव्हा हे त्या मशीनशी अबोला धरून बसले. मशीनशी! आता बोला. दुकानात त्यांना सगळे काचवाले काका म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक, घरातलं नाव भिंगरी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. काकांकडे उरल्या दोन खोल्या आणि रविवारचा फोन.

त्या फोनचीही काय गत सांगावी!

“जेवलात?”

“जेवलो. तू?”

“हो. गोळी घेतली?”

“घेतली.”

“बरं मग.”

“बरं.”

संपलं. काका फोन हातातच धरून थोडा वेळ बसून राहत. आठवडाभर मनात साठवलेलं सगळं ऐन वेळी कुठे पळून जायचं, देव जाणे. मग उठून टीव्ही लावायचा. बघायचा असं नाही, घरात कोणीतरी बोलतंय एवढंच हवं असायचं.

एका रविवारी भिंगरीने सांगितलं, “बाबा, मी गेम खेळायचा कन्सोल घेतला. ऑफिसातून आलं की गाड्यांची शर्यत खेळते. ऑनलाइन मैत्रिणी असतात.”

काका आतून हलले. ती शाळेत असताना बापलेक एकाच कीबोर्डवर खेळायचे. डावीकडची बटणं तिची, उजवीकडची यांची, आणि हरलं की ती यांच्या बोटांवर चापटी मारायची. हे सांगावं की नाही लेकीला? छे! तोंडातून निघालं ते भलतंच. “असला बंद डबा कशाला घेतलास? उघडता येत नाही की काही बदलता येत नाही. तेवढ्याच पैशात त्याच्या तोंडात मारेल असा कॉम्प्युटर मी जोडून दाखवतो.”

“दाखवा की!” ती खळखळून हसली.

“दाखवतोच. आणि मग येतो तुझ्याशी शर्यत लावायला.”

खरं सांगायचं तर त्यांना कॉम्प्युटर नको होता, भारी तर मुळीच नको होता. त्यांना लेकीबरोबरची संध्याकाळ हवी होती. पण असं कुठे मागता येतं का कोणाला? त्यापेक्षा पैज बरी.

मग जी धांदल उडाली! दुकानातून आले की काका चपला काढायच्या आधी मोबाइल उघडत. कोणता प्रोसेसर, कोणतं ग्राफिक्स कार्ड, कशाला काय जुळतं आणि कशाला जुळत नाही. डब्याची बरोबरी त्याच किमतीत करणं सोपं नव्हतं. एक वस्तू चांगली घ्यावी तर दुसरीवर हात आखडावा लागे. आणि रविवारचा फोन कधी रोजचा झाला ते दोघांनाही कळलं नाही.

“प्रोसेसर मधला घ्या बाबा. पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, चित्र तेच काढतं.”

“अगं, पण पॉवर सप्लाय?”

“तिथे मात्र चिकटपणा नको. तो गेला तर सगळ्यांना घेऊन जाईल.”

“रॅमची एकच मोठी पट्टी घेतली तर?”

“दोन छोट्या घ्या. जोडीने जास्त पळतात.”

ग्राफिक्स कार्ड नवं परवडेना. जुने भाग विकणाऱ्याकडे काका गेले आणि कार्ड चालू करून, गरम होईपर्यंत बघून मगच घेतलं. विकणाऱ्याने विचारलं, “नातवासाठी का काका?” काकांना असा राग आला म्हणता! “माझ्यासाठी,” म्हणाले. घरी येऊन बघतात तर कार्ड आधी आणलेल्या कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब. जन्मभर काच आणि फ्रेमचं माप जुळवणाऱ्या माणसाने हा घोळ घालावा! त्या दिवशी भिंगरी फोनवर एवढी हसली की तिला ठसका लागला, आणि काका फजिती झालेला माणूस कधी दिसणार नाही इतके खूश दिसत होते.

शेवटी कॅबिनेट बदलून झालं, सगळं जागेवर बसलं. काकांनी बटण दाबलं, पडदा उजळला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लेक खेळते तोच गेम विकत घेतला होता. तिला चकित करायचं म्हणून न सांगता उघडला, गाडी निवडली आणि तिचं नाव शोधायला लागले. सापडेना. पुन्हा शोधलं, सापडेना. हात टेकले तेव्हा फोन लावला.

“भिंगरे, मी आलोय गं. तू दिसत कशी नाहीस?”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “दिसणार नाही बाबा. या गेममध्ये कन्सोलवाले आणि कॉम्प्युटरवाले एकमेकांशी खेळू शकत नाहीत. कंपनीने वेगळे ठेवलेत.”

काकांनी कपाळाला हात लावला. पिनांपासून पंख्यापर्यंत सगळं विचारलं होतं त्यांनी, एवढं सोडून. शेजारी बसलं की खेळता येतं, एवढंच ते जाणत होते.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि मूग गिळून बसलीस? मी इथे वेड्यासारखा धावतोय!” काकांचा आवाज चढला. “एका शब्दाने बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी तुझ्यासारखा डबा आणला असता!”

“म्हणूनच नाही बोलले!” तीही चिडली. “डबा आणला असता आणि विषय संपला असता. मग परत जेवलात का, गोळी घेतली का. तुम्ही रोज फोन करत होता, बाबा. मला नव्हतं ते बंद करायचं.”

लेक तिकडे मजेत आहे, चार मैत्रिणींत आहे, आपल्यालाच इथे घर खायला उठतं, असं काका इतके दिवस धरून चालले होते. चांगलं आहे म्हणायचे स्वतःशी, आपल्यासारखं तिचं नाही.

“त्या तुझ्या मैत्रिणी,” त्यांनी विचारलं, “त्या कधी घरी येतात का गं तुझ्याकडे?”

“नाही बाबा. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही.”

“मग तुझ्या घरी कोण येतं?”

फोनमध्ये फक्त तिच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. कोणीतरी बातम्या देत होतं.

“तो टीव्ही बंद कर,” काका म्हणाले, “आणि बोल माझ्याशी.”