सरांना विचारा

चाकणला जाणाऱ्या कंपनी बसच्या थांब्यावर ते रोज भेटायचे. डाय फिटर होते, म्हणजे प्रेसवरचे पत्रा दाबायचे साचे बसवणारे. रिटायर झाले, तरी सवयीनं शिफ्टच्या वेळेला येऊन बसायचे.

फेसबुकवर कुणाचंही काम अडलं की ते उत्तर द्यायचे. मग आम्ही सगळे फिटर एका बंद ग्रुपवर गेलो. तिथं कंपनीचं ओळखपत्र लागतं आणि यांचं रिटायर होताना जमा झालेलं.

"आज काय इचारलं पोरांनी?"

मी वाचून दाखवायचो. डोळे मिटून ते अंगठ्याचं नख बाकाच्या कडेवरून फिरवायचे, मग उत्तर सांगायचे. मी ते माझ्या नावानं टाकायचो.

"टाक की राव. डाय चालल्याशी मतलब हाय."

दिवाळीपासून ते आलेले नाहीत. नाव मी कधी विचारलंच नाही. ग्रुपवर अजून लोक लिहितात, "सरांना विचारा." सर म्हणजे मी, आणि मी थांब्यावर त्यांची वाट बघत असतो.