अबोल्यात बसवलेली जाळी

कबुतरांपासून बाल्कन्या वाचवणं हा त्या नवराबायकोचा धंदा. उपनगरातल्या इमारतींमध्ये त्याला सगळे जाळीवाला म्हणत आणि तिला, ओघानेच, जाळीवाली. तो कठड्याबाहेर उभा राहून जाळी ताणायचा. ती आत, खांबाला बांधलेल्या त्याच्या दोराची ढील सांभाळायची. शेवटची गाठ मारण्याआधी ती आतून विचारायची, "कोणी राहिलंय का हो?" तो एसीच्या डब्यामागे, पाइपांच्या बेचक्यात डोकावून "कोणी नाही" म्हणायचा, आणि मगच जाळी बंद व्हायची. तिने विचारल्याशिवाय त्याने कधी गाठ मारली नव्हती.

परवा नणंद घरी आली आणि तिच्यासमोर हा गृहस्थ म्हणतो कसा, "हिच्या हाती दोर द्यायचा तर आधी विमा उतरवावा लागतो!" नणंद पोट धरून हसली. जाळीवालीने त्याच क्षणी अबोला धरला. ज्या बाईच्या हातात आपला जीव, तिची चारचौघांत थट्टा करावी का माणसाने? पण एवढा पोच असता तर काय हवं होतं!

काल चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडे जाळी बसवली ती तोंडाला कुलूप लावूनच. सगळा कारभार खाणाखुणांनी. विचारायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, तिला चांगलं आठवत होतं. एसीच्या मागून काहीतरी बारीक चिवचिवल्यासारखंही वाटलं होतं. पण आधी बोलायचं कोणी? चुकला तो, त्यानेच बोलावं, असं म्हणत ती हाताची घडी घालून बसली. गाठ बसली, सामान आवरलं, दोघं जिना उतरले.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. आज दुसऱ्याच इमारतीत काम होतं, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जाळीच्या आकड्यांचा डबा दोनदा सांडला. जेवणाचा डबा उघडला आणि तशीच उठली. आतबाहेर, आतबाहेर असं तिचं चाललेलं. शेवटी डब्याचं झाकण आपटून ती म्हणाली, "अहो, काल तिथे काहीतरी चिवचिवत होतं."

कुठे, कधी, काहीएक न विचारता त्याने कमरेचा दोराचा पट्टा सोडला आणि निघायची तयारी केली.

शिक्षिकाबाईंनी दार उघडलं ते तक्रार करतच. "बरं झालं आलात! ती साळुंकी कालपासून जाळीवर धडका मारतेय. डोकं उठवलंय नुसतं."

साळुंकी जाळीला लटकली होती, चोचीत अळी तशीच. माणसं पाहून ती समोरच्या गच्चीवर गेली आणि तिथून किंचाळत राहिली. जाळीवाल्याने बाहेर उतरून सराईत हाताने जाळी कापली आणि एसीच्या डब्यामागे हात घातला. काटक्या, कापूस, कुणाच्या तरी मोज्याचा तुकडा. घरट्यात तीन पिल्लं. दोघांनी माना वर करून लाल तोंडं उघडली. तिसरं कडेला कलंडून पडलं होतं. त्याने ते उचलून आत दिलं. जाळीवालीने ते तळहातावर घेतलं, फुंकर घातली, बोटाने चोळलं. ते गार होतं.

"अरेरे," शिक्षिकाबाई हळहळल्या. "अडचणीची जागा. काल दिसलं नसेल हो तुम्हाला."

जाळीवाला कठड्यापलीकडे तसाच उभा राहिला.

"दिसलं होतं," तो बायकोकडे पाहत म्हणाला. "तू विचारशील म्हणून थांबलो होतो. तिघंही तोंड उघडत होती तेव्हा."

तिच्या अंगाचा भडका उडाला. त्याला फाडून खावंसं वाटलं. पण ऐकू तर तिलाही आलं होतं.