भासऱ्यांसमोर भरलेले फॉर्म

अमरावतीच्या त्या दवाखान्यात जयवंता सिस्टरला सगळे मानायचे. कॅन्सरच्या वॉर्डात एकोणीस वर्षं काढलेली बाई. कोणाला न सापडणारी शीर हिच्या बोटांना बरोबर सापडायची. म्हणूनच नर्सिंग कॉलेजच्या आरती मॅडमनी संशोधन हाती घेतलं तेव्हा पेशंट बायांशी बोलायचं काम जयवंताकडे दिलं. उपचार चालू असताना दिवस कसे जातात, झोप लागते का, घरात कोणी विचारतं का, असे तीस प्रश्न. दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. तो पाचाच्या वर गेला की त्याच दिवशी वेदनेच्या डॉक्टरांकडे पाठवून गोळ्या सुरू करायच्या. म्हणजे हा आकडा नुसता कागदापुरता नव्हता, आणि हे जयवंताला पक्कं ठाऊक होतं.

परतवाड्याजवळची रुख्मिणी दर तीन आठवड्यांनी यायची. छातीचा कॅन्सर. फुलं-भाजी पिकवणारं घर. नवऱ्याला मळा सोडता यायचा नाही, म्हणून तिला आणायचे त्याचे थोरले भाऊ खुशालराव, म्हणजे तिचे भासरे. माणूस भला हो, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. रांगेत उभं राहण्यापासून औषधं आणण्यापर्यंत सगळं तेच करायचे. रुख्मिणी मागे, पदर नाकापर्यंत ओढून. जयवंता विचारायची तिला आणि उत्तर द्यायचे खुशालराव: काही तरास नाई, जेवते, झोपते, मस्त हाय. मग पदर जरासा हलायचा, आणि दुखण्यापुढे एकचा आकडा पडायचा. पाच खेपा हेच झालं. रुख्मिणीच्या ओटीत नेहमी शेवंतीची फुलं असायची. केवढी हौशी बाई, असं जयवंताने मॅडमना कौतुकाने सांगितलंही होतं.

आता जयवंता काय परमुलखातली होती? मूर्तिजापूरचं माहेर तिचं. सासरी भासरे ओट्यावर येऊन बसले की हिचा आवाज आजही बंद होतो. खुशालरावांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायला काय जात होतं? पण बाहेर रांग असायची, फॉर्म उरकायचे असायचे, आणि सगळं बरं आहे म्हटलं की काम पटकन संपायचं. निव्वळ तेवढ्यासाठी, बरं का.

सहाव्या खेपेला ड्रेसिंगची सिस्टर रजेवर होती, म्हणून जयवंताच रुख्मिणीला पडद्याआड घेऊन गेली. छातीवर जखम आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण पट्टी सोडताना त्या बाईने दातांत पदर धरला, आणि जयवंताचा हात जागीच थांबला. विचारल्यावर एकेक कळलं: दिवाळीपासून ठणका होता. पाठ टेकता येत नव्हती. लेकरांना वास येतो म्हणून रुख्मिणी भाजीच्या खोलीत बसून रात्र काढत होती, आणि ओटीतली शेवंतीही तो वास झाकायलाच होती.

"मंग मले सांगितलं काहून नाई?" जयवंता म्हणाली, आणि वरून आवाज चढवून म्हणाली, जसा काही दोष रुख्मिणीचाच.

"भासऱ्यासमोर छातीचं कसं सांगू, बाई?" रुख्मिणी शांतपणे म्हणाली. "तुमालेबी भासरे असतीनच की."

जयवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने रुख्मिणीला लगेच वेदनेच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. दुपारी कपाट उघडून तिने चाळीस फॉर्म काढले. कोणाशेजारी सासरा बसला होता, कोणाशेजारी नवरा, एकेक चेहरा आठवत गेला. सव्वीस फॉर्म तसलेच निघाले.

येत्या रविवारी अकोल्याला नर्सेसच्या परिषदेत हे संशोधन वाचलं जाणार होतं, जयवंताचा शाल देऊन सत्कार होता. आणि खोटं कशाला सांगा, दोन दिवस ती गप्प बसली. शनिवारी मात्र मॅडमसमोर उभी राहून सगळं ओकली. मॅडमनी ते सव्वीस फॉर्म मागवून एकेक चाळले. मग म्हणाल्या, उद्या हे तुम्हीच सांगा. अकोल्यात तिने माईकवर सांगितलं, शाल घेतली नाही. लोकांनी काय करावं, तर टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्यांनी तिला आणखीच लाज वाटली.

फॉर्म नव्याने भरायचं ठरलं. पुढच्या खेपेला तिने खुशालरावांना बाहेर थांबायला सांगितलं. ते हू की चू न करता उठले, जाताना दारही लोटून गेले. इतकं सोपं होतं ते. चार महिने एवढंच झालं नव्हतं.

जयवंताने कोरा फॉर्म पुढे घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, दुखतं किती. रुख्मिणीने पदर मागे सारला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. काय हवंय ते तिला खरंच कळत नव्हतं.

"बाई," तिने विचारलं, "खरं सांगू, का मागच्यावानी फारमापुरतं सांगू?"

खरं सांग, जयवंता म्हणाली. पण मान वर करून तिला ते म्हणता आलं नाही.